जुन्या कुलपावरची पेटंटची तारीख कशी शोधायची

पारोळ्याच्या आमच्या जुन्या घराचं बळद रिकामं करताना गोणपाटात गुंडाळलेलं एक पितळी कुलूप निघालं. वजन दीड किलोच्या वर, किल्ली नाही, आणि पाठीवर १८६२ असे चार आकडे ठोकलेले. वर्षभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवून सांगत होतो, की खानदेशात आगगाडीचे रूळ पडत होते तेव्हाचं हे कुलूप आहे. शेवटी जळगावात किल्ल्या करणाऱ्या एका म्हाताऱ्या मामांकडे नेलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ तर किल्लीना नंबर शे, साल नही." किल्ली सापडली असती तर तिच्या मुठीवरही हाच आकडा असता.

त्या दिवशी नाक कापलं गेलं, पण कुलूप वाचायला शिकायची सुरुवात तिथूनच झाली. ज्यांच्या घरी, वाड्यात, जिनिंगच्या बंद कोठारात किंवा भंगाराच्या ढिगात असं काही सापडतं आणि ज्यांना त्याचं वय जाणून घ्यायचं असतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पेटंटची तारीख ही कुलपाची जन्मतारीख नसते. त्या युक्तीवर सरकारने हक्क दिला, तो दिवस असतो. कुलूप त्यानंतर दोन वर्षांनी बनलेलं असेल किंवा चाळीस वर्षांनी. तारखेवरून एवढंच खात्रीने म्हणता येतं, की हे कुलूप याच्या आधीचं नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा तोडला गेला. एखाद्या दस्तावर 'पूर्व खानदेश' असा शिक्का असेल, तर तो कागद १९०६ च्या आधीचा असूच शकत नाही. पण तो १९०७ चा की १९४० चा, हे शिक्का सांगत नाही. पेटंटची तारीखही तशीच. ती खालची मर्यादा देते. वरची मर्यादा आपल्याला दुसरीकडून आणावी लागते.

घासू नका, वाचा

कुलूप हाती आलं की पहिला मोह होतो तो चिंच-मीठ लावून चकचकीत करण्याचा. तो आवरा. ठोकलेली अक्षरं मुळात फार खोल नसतात, आणि दर वर्षी दिवाळीला घासलेल्या पितळेवरची तर निम्मी गेलेलीच असतात. जुना मऊ टूथब्रश आणि थोडं रॉकेल एवढ्यावर वंगण आणि माती निघते. सँडपेपर, तारेचा ब्रश, लिंबू यातलं काही जवळ आणू नका.

मग खोलीत अंधार करा आणि मोबाईलची बॅटरी कुलपाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसणारं पितळ आडव्या उजेडात अक्षरं दाखवू लागतं. तरीही लागत नसेल तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने हलकं घासा; लहानपणी नाण्यांची छाप घ्यायचो तसं. खोदलेल्या अक्षरांत खडूची पूड भरून वरून बोट फिरवलं तरी काम होतं. फोटो मात्र तीन-चार कोनांतून काढून ठेवा, कारण रात्री तीन वाटलेला आकडा सकाळी आठ निघतो.

बघायचं कुठं? पुढचा-मागचा भाग सगळेच बघतात. किल्लीच्या भोकावरची जी फिरती झाकणी असते, तिची आतली बाजू बघा. कडीचा जो पाय कुलपात शिरतो तो बघा, आणि तळाची धारही. किल्ली असेल तर तिची मूठ दोन्हीकडून बघा. दाराच्या किंवा कपाटाच्या आत बसवायचं कुलूप असेल तर दाराच्या धारेवर दिसणारी पट्टी बघा.

कुठला आकडा कशाचा

माझी फजिती झाली ती इथं. कुलपावर चार-पाच तऱ्हेचे आकडे असतात. दोन ते चार आकडी सुटा नंबर बहुधा किल्लीचा असतो. '६ लिव्हर', '८ लिव्हर' हे आतल्या पट्ट्यांची संख्या सांगतात, त्याचा काळाशी संबंध नाही. काही कारखाने प्रत्येक कुलपाला वेगळा अनुक्रमांक देत. लंडनच्या चब कंपनीची कुलपं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. कधी तो आकडा चक्क पत्ता असतो. ब्रामा या लंडनच्याच कुलूपवाल्याच्या कुलपांवर '१२४ पिकॅडिली' असं असतं, तो लंडनमधल्या दुकानाचा घरनंबर. तो पेटंट क्रमांक समजून दोन रात्री घालवणारी माणसं मला माहीत आहेत. एक तर मीच.

पेटंटचा आकडा असेल तर जवळपास 'पेटंट', 'पॅट' किंवा 'पॅट्ड' असं इंग्रजीत दिसायला हवं. नुसता 'पेटंट' शब्द, ना तारीख ना नंबर, असेल तर त्यावर फार विसंबू नका. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने आधी चबचं आणि मग ब्रामाचं कुलूप उघडून दाखवलं. ब्रामाच्या कुलपाला त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. ज्या कुलपांवर देश निर्धास्त झोपत होता ती उघडली, म्हटल्यावर एकच गहजब झाला. अशा बाजारात 'पेटंट' हा शब्द गिऱ्हाईक ओढायचा, म्हणून तो मुक्त हस्ते ठोकला गेला. मुकुटाचं चित्र दिसलं की राणीच्या खजिन्याचं कुलूप, असंही समजू नका.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. मालकाने स्वतः कोरून घेतलेलं साल संवतात असू शकतं. खानदेशातल्या मारवाडी-गुजराती पेढ्यांच्या चोपड्या दिवाळीपासून सुरू होणाऱ्या विक्रम संवतात असत. कुलपावर १९५६ दिसलं म्हणून ते साठ-सत्तर वर्षांचं ठरवून मोकळे होऊ नका; संवत १९५६ म्हणजे इसवी १८९९-१९००, छप्पनियाच्या दुष्काळाचं साल. संवतातून ५७ वजा करा, दिवाळीनंतरचा काळ मिळतो. जानेवारीपासून पुढे ५६. शालिवाहन शकातलं साल असेल तर त्यात ७८ मिळवा.

अमेरिकन असेल तर मंगळवार तपासा

नवशिक्याने अमेरिकन कुलपापासून सुरुवात करावी, असं मी सांगतो. सगळ्यात सोपं आहे. तिथल्या १८४२ च्या कायद्याने पेटंट असलेल्या मालावर तारीख घालणं बंधनकारक झालं आणि १९२७ पासून तारखेऐवजी नंबर घालायचा नियम आला. म्हणजे नुसती तारीख असेल तर युक्ती बहुतेक १९२७ च्या आधीची, आणि नुसता सात आकडी नंबर असेल तर माल बहुधा त्यानंतरचा.

नंबर असेल तर काम पाच मिनिटांचं. सध्याची क्रममाला १८३६ मध्ये एकपासून सुरू झाली. १८६० सालचं पहिलं पेटंट २६,६४२, १८८० चं २,२३,२११, १९०० चं ६,४०,१६७, १९२० चं १३,२६,८९९. एवढे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नंबर बघताच दशक कळतं.

तारीख असेल तर मजा आहे. अमेरिकेचं पेटंट कार्यालय १८५० नंतरच्या काळात दर मंगळवारी पेटंट देत आलंय. त्यामुळे कुलपावरची तारीख मंगळवारच पाहिजे. हा नियम झिजलेले आकडे वाचायला फार कामाचा. समजा, 'ऑक्टोबर ६' की 'ऑक्टोबर ८' हे कळत नाही, आणि साल '९१' की '९७' हेही धूसर आहे. मोबाईलच्या कॅलेंडरवर मागे जा. ६ ऑक्टोबर १८९१ मंगळवार होता; ८ तारखेला गुरुवार. १८९७ मध्ये ६ ऑक्टोबरला बुधवार होता आणि ८ ला शुक्रवार. चार शक्यतांपैकी एकच उरली. आणि खणखणीत वाचता येणारी तारीख मंगळवार नसेल, तर एकतर तुम्ही चुकीचं वाचताय, किंवा ते अमेरिकन नाही, किंवा कोणीतरी ती मनाने ठोकलीय.

सराव म्हणून येलचं उदाहरण घ्या. सपाट दातेरी किल्लीचं, आज आपल्या दाराला असतं त्या जातीचं कुलूप लायनस येल धाकटा याने आणलं. त्याची दोन पेटंटं महत्त्वाची: २९ जानेवारी १८६१, नंबर ३१,२७८, आणि २७ जून १८६५, नंबर ४८,४७५. दोन्ही मंगळवार. गूगल पेटंट्सच्या पानावर इंग्रजीत 'यूएस' आणि पुढे जोडून ४८४७५, मध्ये स्वल्पविराम न देता, टाका. चित्रात किल्लीचे दाते आणि त्यांनी वर उचललेल्या पिना दिसतील. असं एक चित्र शांतपणे बघितलं की पुढची पंचवीस सोपी जातात.

फक्त तारीख असेल आणि नंबर नसेल, तर शब्द टाकून शोधण्यात वेळ घालवू नका. जुन्या छापील पानांचं यंत्राने केलेलं वाचन इतकं कच्चं असतं, की 'लॉक'चं 'लूक' होऊन बसतं. त्याऐवजी प्रसिद्धीची तारीख 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्हीकडे त्याच मंगळवारची ठेवा आणि वर्गीकरणात कुलपांचा वर्ग घाला: इंग्रजी ई, मग शून्य पाच, मग बी. त्यातच पुढे ६७ म्हणजे लोंबतं कुलूप आणि १९ म्हणजे किल्ल्या. एका मंगळवारी कुलपांची मोजकीच पेटंटं निघायची. चित्रं चाळून आपलं ओळखता येतं. इथं अडलात तर १८७२ पासून निघणारं पेटंट कार्यालयाचं साप्ताहिक गॅझेट आणि वार्षिक सूची आहेत. त्यांची जुनी पुस्तकं हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचता येतात.

एका कुलपावर तीन-चार तारखा असतील तर सगळ्यात उशिराची धरा. 'पेटंट पेंडिंग' किंवा 'अप्लाइड फॉर' असेल तर अर्ज आत होता, हक्क अजून मिळाला नव्हता. म्हणजे तो नमुना सुरुवातीच्या काळातला. काही जण तारखेत सतरा वर्षं मिळवून 'या दोन सालांच्या मधलं' असं ठरवतात, कारण १८६१ पासून अमेरिकन पेटंटची मुदत सतरा वर्षं होती. मला हे पटत नाही. मुदत संपली म्हणून कारखानदार साचा फोडत नसे. जुनी तारीख त्याच्या जाहिरातीलाच बरी असायची.

इंग्रजी असेल तर आकड्यांची संख्या मोजा

आपल्या भागात निघतात ती परदेशी कुलपं जास्त करून इंग्रजी, वुल्व्हरहॅम्प्टन आणि विलेनहॉलच्या बाजूची. तिथं गाठ आहे. १८५२ च्या ऑक्टोबरपासून ब्रिटिश पेटंटना क्रमांक मिळू लागले, पण दर वर्षी पुन्हा एकपासून. म्हणजे 'पेटंट ४३२१' एवढंच असेल तर तसे डझनावारी आहेत. साल सोबत असेल तरच त्याला अर्थ. १९१६ पासून मात्र १,००,००१ पासून सलग क्रम सुरू झाला, तेव्हा सहा आकडी ब्रिटिश पेटंट नंबर दिसला की कुलूप १९१६ नंतरचं.

साल नसलं तरी अगदी हात टेकायची गरज नाही. १८८३ पर्यंत तिथं वर्षाला सहा हजारांच्या आसपास अर्ज यायचे. त्या साली कायदा बदलून फी खूप उतरली, आणि १८८४ मध्ये अर्ज एकदम सतरा हजारांवर गेले. म्हणून पाच आकडी ब्रिटिश नंबर असेल तर तो १८८४ ते १९१५ मधलाच. ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती, याद्या चाळता चाळता ध्यानात आली. म्हणून जरा फुशारकीने सांगतोय.

शोधताना 'जीबी', मग साल, मग पाच आकडी नंबर (कमी असेल तर पुढे शून्य लावून), शेवटी 'ए', असं सलग टाका. १८९८ सालचा ४३२१ असेल तर साल १८९८ आणि त्याला चिकटून ०४३२१. युरोपियन पेटंट कार्यालयाच्या एस्पेसनेटवरही हाच प्रकार चालतो. साधारण १८९० च्या दशकापासूनचे कागद असे सापडतात.

पेटंटखेरीज इंग्रजी मालावर नोंदणीकृत नमुन्याची खूणही असते. ती युक्तीची नव्हे, रूपाची नोंद. १८४२ ते १८८३ या काळात ती चौकटच्या पत्त्यासारखी असायची. वरच्या गोलात रोमन एक म्हणजे धातूचा माल, आणि कोपऱ्यांतल्या अक्षर-आकड्यांत दिवस, महिना, साल. १८८४ पासून ती गेली आणि 'आर.डी. नंबर' असा सलग क्रमांक आला. १८९३ च्या सुरुवातीला तो दोन लाख पाच हजारांच्या थोडा वर होता, १९०० ला साडेतीन लाखांवर. नव्या माणसाला पेटंटपेक्षा हा नंबर जास्त लवकर उत्तर देतो.

जर्मन आणि फ्रेंच थोडक्यात. 'डी.आर.पी.' म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, १८७७ पासून. 'डी.आर.जी.एम.' ही छोट्या सुधारणेची नोंद, १८९१ पासून. फ्रेंच मालावर 'ब्रेव्हे' आणि पुढे 'एस.जी.डी.जी.' असतं. त्याचा अर्थ, पेटंट दिलंय पण सरकार कसलीही हमी घेत नाही. इतका प्रामाणिक शिक्का मी दुसऱ्या कुठल्या देशाचा पाहिला नाही.

देशी कुलपं

आपल्याकडे पहिला कायदा १८५६ चा. तो लंडनची मंजुरी न घेता केला म्हणून रद्द झाला आणि १८५९ मध्ये नव्याने आला. कागदोपत्री शब्द 'पेटंट' नव्हता, 'एकमेव हक्क' अशा अर्थाचा होता, मुदत चौदा वर्षं. पहिला अर्ज कलकत्त्याच्या डिपेनिंग नावाच्या इंजिनिअरचा, पंखा ओढायच्या यंत्रासाठी. आपल्या उन्हाळ्यात राहिलेल्या कुणालाही तो बरोबर वाटेल. १९११ मध्ये पेटंट आणि नमुन्यांचा नवा कायदा आला.

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. त्या घराण्याच्या जुन्या कुलपांबद्दल शंका असेल तर विक्रोळीला कंपनीचं अभिलेखागार आहे, तिथं विचारता येतं. अलीगडच्या कुलपांवर इंग्रजी धाटणीची नावं आणि शिक्के भरपूर असतात, तेव्हा अक्षरं इंग्रजी म्हणून माल विलायती असं मानू नका. गावच्या लोहाराने केलेलं मळसूत्री कुलूप, ज्यात किल्ली पेचासारखी फिरवत आत घालतात, त्यावर पेटंट कधीच नसतं. त्याची तारीख विचारायची तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला.

वरची मर्यादा

आता दुसरं टोक. रेल्वेची कुलपं असतील तर काम हलकं. भुसावळच्या भंगारात 'जी.आय.पी.आर.', म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, असं कोरलेली निघतात. ती कंपनी १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली, म्हणून कुलूप त्याच्या आतलं. सुरत-अमळनेर बाजूच्या ताप्ती व्हॅली रेल्वेची आद्याक्षरं मिळाली तर नशीब समजा. काही खुणा मात्र पुन्हा खालचीच मर्यादा देतात. 'मेड इन इंग्लंड', 'मेड इन जर्मनी' ही धाटणी ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर रुजली. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी (+) फुली असेल आणि तो मूळचाच असेल, तर कुलूप १९३६ च्या आधीचं नाही. फिलिप्स स्क्रूची पेटंटं त्या वर्षीच्या ७ जुलैची. तोही मंगळवार.

पेढीच्या चोपड्या घरात असतील तर त्या उघडा. लोखंडी सामान, तिजोरी, कपाट यांच्या खरेदीची नोंद तिथीसकट सापडू शकते. तो पुरावा कुठल्याही संकेतस्थळापेक्षा वरचढ. मोडी लागत नसेल तर मोडी वाचणारं कुणीतरी शोधा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारलं तर दिशा मिळते.

बनावटीबद्दल एकच सांगतो. बाजारात शोभेची पितळी कुलपं ढिगाने आहेत, त्यांवर ईस्ट इंडिया कंपनी, राणीची आद्याक्षरं, जहाजं, वाटेल ते असतं. किल्लीच्या भोकाची कड बघा. खऱ्या वापरातल्या कुलपाला तिथं किल्ली चुकून लागल्याचे शेकडो ओरखडे असतात आणि कडी जिथं कोयंड्यात घासते तिथं खोबण पडलेली असते. शोभेच्या कुलपाची कड कोरी असते आणि काळपटपणा मात्र सगळीकडे सारखा. विक्रेता "इंग्रजस्ना टाईमनं शे" म्हणाला तर हसून मान डोलवा आणि भोकाची कड बघा.

वय नक्की करण्यामागे कायद्याचं कारणही आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. ती सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेली यंत्रणा यांच्याखेरीज कुणालाही देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातल्या भाच्याला भेट द्यायच्या आधी एवढं बघून घ्या.

शेवटचं काम, एक पुठ्ठ्याचं कार्ड करून दोऱ्याने कुलपाला बांधायचं. त्यावर दिसलेलं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं लिहा, मग त्यावरून काय निघतं ते, आणि अंदाज असेल तिथं 'अंदाज' असा शब्द. पारोळ्याच्या कुलपाची झाकणी मी मामांच्या सांगण्यावरून रॉकेलने सोडवली, तेव्हा तिच्या आतल्या अंगाला आर.डी. नंबर निघाला, दोन लाख बारा हजारांतला. आता त्याच्या कार्डावर असं आहे: 'इंग्रजी, पितळ. नमुना नोंद १८९३. त्याआधीचं नाही. नंतर कधीचं, माहीत नाही. किल्ली नंबर १८६२. किल्ली नाही.'